कुठे म्हणू नये

जिताड्याच्या ओठाला भोक नव्हतं. अपेक्षाने फोटो दोन बोटांनी ताणला, अजून ताणला, माशाचा जबडा स्क्रीनभर झाला, खवल्यांचे नुसते ठोकळे दिसायला लागले, तरी नव्हतं. गळाने धरलेल्या माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात फाटल्यासारखी एक खूण राहते. लहानपणी बाबा पिशवीतून मासा काढायचे तेव्हा ती सगळ्यात आधी तिथे करंगळी घालून बघायची. हा मासा गेल्या रविवारचा. ओल्या पोत्यावर आडवा ठेवलेला. फोटो तिने निवडला होता तो फक्त रंगासाठी. पोत्याच्या काळपट तपकिरीवर पांढऱ्या अक्षरांत 'गळ' हे नाव छान बसत होतं. गळ म्हणजे ॲप. तिचं आणि भाग्येशचं. हौस म्हणून गळ टाकणाऱ्यांसाठी, पोटासाठी टाकणाऱ्यांसाठी नव्हे: बोईसरच्या कंपन्यांतले ऑपरेटर, शाळामास्तर, एक दातांचे डॉक्टर, पालघरजवळच्या माहीमचा एक वाडीवाला, अशी माणसं जी रविवारी पहाटे रॉड घेऊन खाडीच्या तोंडाशी जातात, एकमेकांपासून लांब लांब उभी राहतात आणि यालाच मैत्री म्हणतात. तिने फोटो पुन्हा लहान केला. मासा पुन्हा मासा झाला. पण आता डोक्यामागे एक बारीक रेघ दिसत होती, गळ्यातला दोरा काढल्यावर राहते तशी. जाळ्याची. मग तिने त्याच्या मागचा फोटो उघडला. मग त्याच्याही मागचा. पावसाळ्यानंतरचे सगळे फोटो पोत्यावरचे होते. त्याआधीच्या फोटोंत बाबा मासा जबड्यात अंगठा घालून छातीपाशी धरायचे आणि कॅमेऱ्याकडे न बघता हसायचे. आता नुसताच मासा. हात कुठे गेले, असं तिच्या मनात आलं, आणि त्यातल्या 'कुठे'ला ती उगीचच अडखळली.

आज कुठे?
पुढे
आत्ता नको

ही ॲपची पहिली स्क्रीन. तिनेच केलेली.

आतल्या खोलीत बाबा रीळ पुसत बसले होते, कारण उद्या रविवार. बाबा, म्हणजे खंडेराव, परभणीकडचे, तरुणपणी तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागले आणि समुद्र पहिल्यांदा पाहिला तो इथे. कारखान्यातल्या वामनने, सातपाटीच्या, त्यांना पहिली गाठ शिकवली. वामन पुढे वारला, कारखानाही मालकाने दुसरीकडे हलवला, गाठ राहिली. तालुक्यातल्या त्या तीसेक गळवाल्यांत बाबा म्हणजे काका. कुणाला जिताडा लागेनासा झाला की काकांना फोन. बाकी जगात ते एक निवृत्त झालेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले गृहस्थ होते. घरात चालताना ते कुणाला दिसतही नसत. रीळ पुसताना दिसत. अपेक्षा दारातून बघत राहिली. रीळ त्यांनी गुडघ्यांत धरलं होतं. पूर्वी हातात धरायचे ना? चहा हल्ली स्टीलच्या पेल्यात का घेतात, बशी कधी सुटली? आई पेला अर्धाच भरते, आणि मग पुन्हा अर्धा. स्कूटरची किल्ली त्यांनी दिवाळीत तिच्यासमोर ठेवली होती, तुला लागते, मला एसटी बरी. तिला तेव्हा ते लाडाचं वाटलं होतं. एकेक गोष्ट आपल्या जागेवरून उठून तिच्याकडे बघायला लागली, आणि या सगळ्या गोष्टी रोज हिच्यासमोर होत्या, हिच्या. जी दिवसभर माणसं बोट कुठे ठेवतात, कुठे अडतात, कुठून परत फिरतात याचाच विचार करते. तिला हे कळायला मासा ताणावा लागला.

ती स्वयंपाकघरात गेली. रत्नाबाई मेथी निवडत होत्या.

"आई, बाबांच्या माशांना हल्ली गळाची खूण नसते."

"तू मासा खातीस का भोक खातीस?"

"तसं नाही."

"मग कसं?" आईने जुडी आपटून माती झाडली. "ठेव तो फोन. दिवसभर काय ताणायलीस त्याला."

म्हणजे आईला माहीत होतं. मासा धुणारी, कापणारी ती. परभणीहून आली तेव्हा माशाच्या वासाने पदर नाकाला लावणारी, आणि आता कल्ल्यात बोट घालून ताजा की कालचा हे सांगणारी. ती रविवारामागून रविवार बिनभोकाचे मासे कापत आली होती आणि तिने कालवणात चिंच तेवढीच घातली होती.

भाग्येशचा फोन आला तेव्हा ती गॅलरीत उभी होती. भाग्येश कॉलेजपासूनचा, पालघरला स्टेशनजवळ एका खोलीत बसून ॲपचं आतलं काम करणारा, घाईत असला की वाक्यं अर्धी गिळणारा. "अगं, सगळे पहिल्याच स्क्रीनवरून पळतायत."

"म्हणजे?"

"उघडतात, 'आज कुठे?' बघतात, बंद करतात. रविवारी सकाळी तर जास्तच. बटण केशरी करू का?"

"नको."

"बरं. दुसरं. तो माहीमचा निमेश म्हणतोय, जागेची पिन सक्तीची करा. पिन नाही तर मासा चढणार नाही. खोट्या पोस्टी वाढल्यात म्हणे. मलाही पटतंय, बाजारातले मासे टाकून कसली आलीये कम्युनिटी. उद्या दुपारी मी नवीन आवृत्ती सगळ्यांना सोडतो. तू फक्त हो म्हण."

"कुणाबद्दल बोलतोय निमेश?"

मग भाग्येश म्हणाला, "ग्रुप वाचत नाहीस का तू?"

तिने ग्रुप वाचला. बाबांच्या जिताड्याखाली निमेशने लिहिलं होतं: काका, तब्येतीत आहे एकदम. कुठल्या मार्केटला लागला? त्याखाली कुणीतरी: काका हल्ली खिशाने गळ टाकतात. हसणारी तोंडं, एकाखाली एक, आंब्याच्या पेटीत आंबे लावावेत तशी. आणि शेवटी बाबांचे दोन जोडलेले हात. नुसते हात, खाली शब्द नाही. अगदी स्थिर, पिवळे, गुळगुळीत हात. तिला ते बघवेनात. पिन सक्तीची झाली की बाबांना दोनच वाटा राहणार होत्या: मासा टाकणं थांबवायचं, म्हणजे निमेश म्हणत होता ते कबूल; किंवा पिनसकट टाकायचा, म्हणजे नकाशावरच कबूल. आणि पिनशिवाय टाकायची तिसरी वाट तिच्या एका 'हो'ने बंद होणार होती. नाही म्हणावं, तर का नाही? भाग्येश विचारणार. काय सांगणार? की आमच्या घरातला मासा खोटा आहे, त्याला वाट राहू दे? नावातच सगळं आलंय, असं भाग्येश पहिल्या दिवशी म्हणाला होता, लोकांना गळ घालायची आणि लोक गळाला लागतात. ती तेव्हा हसली होती.

आज कुठे?

पहिल्याच स्क्रीनवरून का पळत होते ते तिला रात्रीच्या जेवणात कळलं. बाबा पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी उचलत होते, आणि त्या तांब्यामागून एक दुसराच तांब्या आला, कॉलनीतल्या जुन्या खोलीतला, पितळी. ती सहा-सात वर्षांची. बाबा खांद्याला पिशवी अडकवून दारात, आणि ही मागून धावत: बाबा, कुठे चाललात? बाबा थांबले. रागावले नाहीत. परत आत आले, रॉड भिंतीला टेकवला, चपला काढल्या, खाली बसले. आईने तांब्या पुढे केला. बाबा पाणी प्यायले, सावकाश, जसं काही कुठे जायचंच नाही. मग उठले, चपला घातल्या, येतो म्हणाले आणि पुन्हा निघाले. हिने परत तोंड उघडायच्या आत आईचा तळवा तोंडावर. लसणाचा आणि बोंबलाचा वास असलेला, ओलसर. निघणाऱ्याला कुठे म्हणू नये. मग काय म्हणायचं, असं तिने त्या तळव्यातूनच विचारलं होतं बहुतेक, कारण आई म्हणाली, या म्हणायचं. बाकी घरांत ही नुसती रीत, पण गळवाल्यांत तर कुठे म्हटलं की दिवस बसला. सातपाटीला होडी निघताना कुणी विचारलं तर होडी थांबते, असं वामनकाका सांगायचे. आणि तिने, ज्या तोंडावर तो तळवा बसला होता त्या तोंडाच्या मालकिणीने, तोच शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरांत सगळ्यात पुढे उभा केला होता. माणसं पहाटे दारात उभी, खांद्याला पिशवी, ॲप उघडतात, आणि ॲप विचारतं: कुठे? पळतील नाही तर काय. कुणीतरी परत जाऊन पाणीसुद्धा प्यायलं असेल. तिला हसू आलं, आणि लगेच गेलं. कारण ही चूक नव्हती. चूक न कळता होते. हा शब्द तिने आठवडाभर घासूनपुसून लिहिला होता. त्याआधी 'जागा' लिहून बघितलं, 'ठिकाण' लिहून बघितलं, आणि दोन्ही खोडून 'कुठे' लिहिलं तेव्हा बरं वाटलं होतं, दाढेत अडकलेलं निघाल्यासारखं. इतकी वर्षं तळव्यामागे राहिलेला प्रश्न तिने तीसेक लोकांच्या फोनमध्ये घालून ठेवला होता, आणि विचारायचा मात्र एकाच माणसाला होता.

भाग्येशला हे सांगायचं राहिलं. राहिलं, की ठेवलं? आता तो प्रश्न काढला तर बाबांना वाचवायला काढल्यासारखं होणार. आणि तसंच नव्हतं का?

सकाळी बाबा निघाले. पिशवी खांद्याला, उजवा हात खिशात. "येतो."

"या," आई म्हणाली.

अपेक्षा टेबलाशी बसून राहिली. बाबांच्या फोनमध्ये चाचणीचं ॲप तिनेच टाकून दिलं होतं. जागेची परवानगी हवी का विचारलं तेव्हा 'नेहमी'वर बोटही तिचंच पडलं होतं. बाबा तेव्हा पलीकडे वर्तमानपत्र वाचत होते. आता तिच्या स्क्रीनवर एक हिरवा ठिपका होता, तिनेच काढलेला, श्वास घेतल्यासारखा लहानमोठा होणारा. ठिपका बोईसर सोडून निघाला. उमरोळी. पालघर. दातिवऱ्याच्या खाडीला जातो म्हणतात, म्हणजे आता दक्षिणेला, केळव्याच्या रस्त्याला लागायला हवा. ठिपका थोडा वेळ थांबला, आणि पश्चिमेला वळला. शिरगाव. मग सातपाटी. घरांच्या दाटीतून किनाऱ्याकडे, नकाशावर नाव नसलेल्या एका गल्लीच्या टोकाला. तिथे श्वास घेत राहिला. मोठा, लहान. मोठा, लहान. तिला वाटलं फोन बंद करावा. मग वाटलं, फोन बंद केला तरी ठिपका तिथेच असणार.

तिने स्कूटरची किल्ली उचलली. आई दारात पायपुसणं झटकत होती. तिने अपेक्षाकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं. आता विचारेल. विचारलं तर बरं, म्हणजे सगळं सांगून टाकता येईल, किंवा निदान आत जाऊन पाणी पिता येईल.

"या," आई म्हणाली. पोरीला. अहोजाहो कधी नाही करायची ती.

रस्त्यात तिने काय पाहिलं ते तिला नंतर आठवलं नाही. हेल्मेटमध्ये स्वतःचाच श्वास फिरत होता. शिरगावनंतर वास आला, वाळत्या बोंबलांचा, आईच्या तळव्याचा. सातपाटीला बाजार उठत आला होता. बर्फाचं पाणी पायांखालून वाहत होतं, बायका रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होत्या. तिने स्कूटर लावली आणि गल्ली संपते तिथे, ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीपाशी येऊन थांबली.

बाबा उलट्या क्रेटवर बसले होते. समोर ओलं पोतं, पोत्यावर मासा. तांबोशी, लालसर, डोळे अजून स्वच्छ. बाबांच्या उजव्या हातात गळ होता आणि डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट गच्च धरलं होतं. दोन्ही हात मिळून गळ माशाच्या ओठाकडे नेत होते. टोक ओठाला लागायचं, थरथरायचं, जबड्यावर ओरखडा काढून बाजूला जायचं. पुन्हा. जबड्यावर तसे बरेच ओरखडे झाले होते. शेजारी जमना, वामनची बायको, पाटावर मांडी घालून बसली होती आणि हे नेहमीचं असल्यासारखी बर्फावरचे उरलेले मासे सारखे करत होती.

"द्या हिकडं. मी करते."

"नको. ते माझं मी केलं पाहिजे."

"मेलेल्या माशाला पकडाया येवडा येळ लागतो व्हय? जिता असता तर कवाच घरी गेला असता."

बाबा हसले. कॅमेऱ्याकडे न बघता हसायचे तसेच. ते हसू पावसाळ्यापासून इथे येऊन राहिलं होतं तर, असं अपेक्षाला वाटलं, आणि बाबांनी मान वर केली.

ती काय बोलणार होती ते तिने स्कूटरवर ठरवलं होतं. ते आठवेना. बाबांनी गळ मुठीत घेतला, मूठ मांडीखाली सारली, आणि घाईघाईत, जे पहिलं सापडलं ते म्हणाले, "तू कुठे निघालीस?"

म्हणाले आणि थांबले. जन्मात कुणाला न विचारलेलं. आपल्याच तोंडाकडे बघता आलं असतं तर त्यांनी बघितलं असतं. जमनाचा हात बर्फावरच राहिला.

"झालं," जमना म्हणाली. "इचारलंत. आता बस पोरी. पानी पी आदी."

अपेक्षा बसली. टोपलीवर, पोत्याच्या कडेला. जमनाने बाटली दिली. पाणी कोमट होतं, मिठाचं असल्यासारखं. ती सावकाश प्यायली, जसं काही कुठे जायचंच नाही. बाटली खाली ठेवली तेव्हा बाबा म्हणाले, "निमेशचं बरोबर आहे. मासा आला की आधी ओठ बघायचा, हे त्याला मीच शिकवलंय." थोड्या वेळाने, "म्हटलं, भोक तरी पाडावं. पडेना."

"डॉक्टर?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत. आईला माहीत आहे."

"मला नाही सांगितलंत."

"तू विचारलं नाहीस," बाबा म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. पाऊस पडला नाही, असं म्हणावं तसं म्हणाले.

तिला वाटलं सांगावं, तुम्हीच शिकवलंत विचारू नये म्हणून. आणि हेही सांगावं की मी विचारत होते, मोठ्या अक्षरांत, तुम्ही दर रविवारी 'आत्ता नको' दाबत होतात. खिशात फोन थरथरला. भाग्येश: पिन सक्तीची. सोडू?

नको, तिने लिहिलं. बोट क्षणभर थांबलं. हे बाबांसाठी का खरंच ॲपसाठी, ते ठरेना; ते ठरेपर्यंत थांबायचं तर बोट तसंच राहिलं असतं. मग पुढे लिहिलं: आणि पहिला प्रश्न काढून टाक.

त्या जागी काय?

या.

या काय? म्हणजे पुढे काय लिहू?

तिने फोन खिशात टाकला. बाबांनी मांडीखालून मूठ काढली, उघडली. तळहातावर गळ, आणि तळहात हलत होता, गळ त्यावर नाचत होता, त्यांच्या हिशोबी आता लपवण्यासारखं काही नव्हतं.

"गाठ मारता येते का तुला?"

"नाही."

"ये इकडे."

ते तोंडाने सांगत गेले. दोरा गळाच्या डोळ्यातून काढ. दुमड. पीळ दे. अजून. आता मागे आण. ओढायच्या आधी थुंकी लाव, नाहीतर दोरा जळतो. पहिली गाठ सुटली. दुसरी अशी बसली की जमनाने कोयत्याने तोडून दिली, म्हणाली, "हिचं नाक बापावर हाय, हात आयशीवर." तिसरी राहिली. वाकडी, पण राहिली. बाबांनी ती दाताने ओढून बघितली आणि गळ तिच्या हातात परत दिला.

जमनाने तांबोशी उचलली, वळवून बघितली. "आता ह्याला कोन घेनार? त्वांड खरवडून ठेवलंत बिचाऱ्याचं." आणि परत बर्फावर ठेवली, ओरखड्यांची बाजू खाली.

बाबा उठले. अपेक्षाने रॉडची पिशवी स्वतःच्या खांद्याला घेतली, गळाला लावायला मूठभर कोळंबी जमनाने पानात बांधून दिली. समोर बंधारा होता, दगडांचा, त्यापलीकडे ओहोटी लागलेलं पाणी. रॉड कोण धरणार, बाबांच्या हातावर हात ठेवून धरायचा की त्यांनी नुसतं सांगायचं, मासा ओढायला लागला तर दोन हातांतल्या कुणाचं ऐकायचं, काही ठरलेलं नव्हतं.

"येतो," बाबा म्हणाले.

"या," जमना म्हणाली.

गल्ली संपून वाळू लागली तेव्हा फोन पुन्हा थरथरला. बाबा दोन पावलं पुढे होते, हात खिशाबाहेर, हलत. तिने आडून बघितलं. भाग्येशला मागच्या बाजूने सगळेच ठिपके दिसतात, हे तिला माहीत असायला हवं होतं. ती स्क्रीनही तिनेच केली होती.

तुमचे दोन्ही ठिपके हललेत. कुठे?

"कुणाचा गं?" बाबांनी मागे न बघता विचारलं.

"कुणाचा नाही."

तिने फोनवर जागा दाखवणं बंद केलं. तिचा ठिपका गेला. बाबांचा फोन त्यांच्या खिशात होता आणि तो ठिपका पुढे चालत राहिला. विचारलेलं तिने एकटीनेच वाचलं होतं. रीतीप्रमाणे आता मागे फिरायला हवं, बसायला हवं. पण बाबा बंधाऱ्याच्या पहिल्या दगडावर चढले होते आणि तोल सांभाळत उभे होते, तिच्यासाठी थांबलेले. घसा कोरडा पडला होता. तिने पाणी मागितलं नाही.